केआय-६७ किती, त्याआधी कुठे : तोंडाच्या कर्करोगाचं ग्रेडिंग, बाटलीपासून अहवालापर्यंत

तोंडाच्या कर्करोगाचा नमुना पॅथॉलॉजीत आला की सर्जनला ठरावीक गोष्टी हव्या असतात. स्क्वॅमस सेल कार्सिनोमाच (त्वचेच्या चपट्या पेशींचा कर्करोग) आहे ना, ग्रेड कोणती, किती मिलिमीटर खोल गेलाय, कडा मोकळ्या आहेत का, नसेभोवती शिरलाय का. हल्ली त्यात आणखी एक प्रश्न येतो : केआय-६७ किती टक्के? पेशी किती जोमाने विभाजित होताहेत याचा तो आकडा; हा वाढीचा ‘मार्कर’, म्हणजे खुणेचं प्रथिन, ज्या केंद्रकांत असतं ती स्लाइडवर तपकिरी रंगवतात. आकडा काढणं फारसं अवघड नाही. पण त्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यात, केराटिन पर्लच्या (कडक केराटिन प्रथिनाच्या गोल गुंडाळीच्या) मध्यावर तो शून्याजवळ असतो, आणि काही मिलिमीटर पलीकडे, गाठ जिथे स्नायूत घुसतेय तिथे निम्म्याहून जास्त केंद्रकं तपकिरी दिसू शकतात. दोन्ही आकडे खरेच, गाठही एकच. म्हणून आमच्या कामात ‘किती’च्या आधी ‘कुठे’ येतं, आणि ते ‘कुठे’ बायोप्सी घेताना, नमुना बाटलीत टाकतानाच ठरायला लागतं.

महाराष्ट्रात येणारे नमुने बहुतेक गालाच्या आतल्या बाजूचे आणि खालच्या हिरडी-गालाच्या खाचेतले. तंबाखू-चुन्याची गोळी, मावा, मिश्री जिथे ठेवली जाते तीच जागा. तिथल्या जखमेचा वरचा थर मेलेला, कुजलेला किंवा नुसता जाड केराटिनचा असतो. बायोप्सी मधोमध घेतली तर हाती तेवढंच लागतं. आम्ही दंतवैद्यांना सांगतो ते असं : तुकडा जखमेच्या कडेचा घ्या, थोडी निरोगी दिसणारी त्वचा त्यात येऊ द्या आणि खोली राखा. एपिथेलियमखालचा (वरच्या पेशीथराखालचा) जोडऊतीचा थर, लॅमिना प्रोप्रिया, दिसलाच पाहिजे, शक्य असेल तिथे त्याच्याही खाली जा. भुलीचं इंजेक्शन जखमेत न देता बाजूला द्या, नाहीतर पेशींमध्ये पाणी भरल्यासारखं दिसतं. कॉटरीने (विजेच्या तापलेल्या टोकाने) काढलेल्या तुकड्याच्या कडेला केंद्रकं लांबट, काळपट, ओढल्यासारखी होतात. चिमट्यात दाबलेल्या तुकड्यातही तेच होतं. अशा भागावर केंद्रकांचा आकार जोखता येत नाही आणि मार्करही मोजता येत नाही.

व्हेरुकस कार्सिनोमाच्या बाबतीत खोली नसलेली बायोप्सी हमखास अडचणीत आणते. १९४८ साली अ‍ॅकरमन यांनी वर्णन केलेला हा प्रकार वरून फुलकोबीसारखा वाढतो, खाली रुंद बोथट मुळांनी ढकलत जातो आणि पेशी जवळजवळ साध्याच दिसतात. वरवरच्या तुकड्यात तो मस्सा वाटतो. त्यात केआय-६७ तळाच्या एक-दोन थरांपुरता राहतो, म्हणून कमी आकडा बघून ‘साधी गाठ’ म्हणण्याचा मोह होतो. तळ दिसत नसेल तर आम्ही अहवालात तसं स्पष्ट लिहितो आणि खोल तुकडा मागवतो. तळाशी एखाद्या जागी जरी अनियमित, टोकदार बेटं स्ट्रोमात (गाठीभोवतीच्या आधार-ऊतीत) शिरलेली दिसली, तर ते निदान व्हेरुकस राहत नाही.

नमुना कशात येतो हा तितकाच मोठा प्रश्न. बाजारात मिळणारं फॉर्मलिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. आपल्याला हवं ते दहा टक्के बफर्ड फॉर्मलिन : बाजारचं फॉर्मलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. ते तुकड्याच्या किमान दहापट असावं. काही ठिकाणी तुकडा न पातळ केलेल्या फॉर्मलिनमध्ये टाकतात. त्याचा वरचा थर चामड्यासारखा होतो आणि आतला भाग कच्चा राहतो. नळाच्या पाण्यात, बफर न घालता पातळ केलेलं फॉर्मलिन हळूहळू आंबट होतं आणि रक्त जास्त असलेल्या भागात तपकिरी-काळे कण पाडतं. पुढे मार्करचा रंगही तपकिरीच असतो, तेव्हा हे कण डोकेदुखी होतात. पिक्रिक अ‍ॅसिडच्या अल्कोहोलमधल्या संपृक्त द्रावणाने ते निघतात, पण मुळात पडूच नयेत हे बरं. इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत कोंबून पाठवलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये कडक झाल्यावर त्या बारीक तोंडातून बाहेर येत नाही. काढताना तो चेंगरतो, फाटतो आणि नेमकी कड हरवते. रुंद तोंडाची प्लास्टिकची डबी द्या, एवढीच विनंती.

वेळेचं गणित असं. तुकडा काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे. फॉर्मलिन ताशी साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. किमान ६ तास ठेवावं आणि ७२ तासांच्या पुढे नेऊ नये. सलाइनमध्ये भिजत राहिलेल्या तुकड्यात पेशी ऑक्सिजनअभावी मरू लागतात. सुरू झालेली विभाजनं पुढे सरकून संपतात, उरलेल्यांची केंद्रकं आक्रसून काळी होतात. परिणामी मायटोसिसचा (विभाजित होताना दिसणाऱ्या पेशींचा) काउंट कमी भरतो आणि उरलेल्या काळ्या केंद्रकांना कुणीतरी मायटोसिस समजतं. एकाच स्लाइडवर दोन उलट चुका. फॉर्मलिनमध्ये आठवडाभर पडलेल्या तुकड्याचं एचअँडई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन हा रोजचा रंग) चांगलं दिसतं, मार्कर मात्र फिका उठतो.

मोठ्या ऑपरेशनचा नमुना, म्हणजे गाल, हिरडी आणि जबड्याचं हाड एकत्र, आला की घाईने हाडासकट डीकॅल्सिफिकेशनला (हाडातलं कॅल्शियम काढायला) टाकू नये. नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये हाड लवकर मऊ होतं खरं, पण केंद्रकांचा रंग आणि अँटिजेन (मार्करची अँटिबॉडी ज्याला चिकटते ते प्रथिन) दोन्ही जातात. आम्ही आधी मऊ भागातून गाठीचे ब्लॉक काढून घेतो आणि मगच हाड अ‍ॅसिडमध्ये जातं. गाठ हाडातच असेल आणि मार्कर हवाच असेल, तर १० ते १४ टक्के इडीटीए (कॅल्शियम सावकाश ओढून घेणारं रसायन), पीएच ७.४ च्या आसपास. त्याला दिवस लागतात, आठवडेही लागतात, पण अँटिजेन टिकतो.

ग्रॉसिंगमध्ये (नमुना तपासून कापताना) तो थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून बसवायचा, कारण गालाची त्वचा आणि स्नायू कापल्यावर आक्रसतात. कडांना शाई लावायची, कोरडी होऊ द्यायची आणि मग पृष्ठभागाला काटकोनात तीन-तीन मिलिमीटरच्या चकत्या. इथे एकच आग्रह आहे. किमान एका ब्लॉकमध्ये शेजारची निरोगी त्वचा आणि गाठीची सगळ्यात खोल जागा अशी दोन्ही आली पाहिजेत. खोली मोजताना निरोगी एपिथेलियमच्या बेसमेंट मेम्ब्रेनची पातळी धरायची आणि तिथून ओळंबा सोडल्यासारखं सरळ खाली सगळ्यात खोल पेशीपर्यंत मोजायचं. गाठ वर फुगलेली असेल तर तिची जाडी खोलीपेक्षा जास्त भरते, आत खचलेली असेल तर कमी. २०१८पासून वापरात आलेल्या टीएनएम या कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत ५ आणि १० मिलिमीटर या दोन रेषा टी-स्टेज बदलतात. दोन सेंटिमीटरची गाठ ६ मिलिमीटर खोल असेल तर ती टी-१ राहत नाही, टी-२ होते.

ही खोली, घुसण्याचा नमुना आणि वाढीचा मार्कर या तिन्ही गोष्टी बघायच्या असतात त्या एकाच जागी : गाठीच्या सगळ्यात खोल गेलेल्या कडेला, इन्व्हेजिव्ह फ्रंटवर. तो ब्लॉक चुकला की तिन्ही चुकतात.

ग्रेड कशी देतो

ब्रॉडर्स यांनी १९२० साली ओठाच्या कर्करोगासाठी जी पद्धत मांडली, तिचा पाया अजून रोजच्या अहवालात आहे. पेशींपैकी किती टक्के पक्व, केराटिन करणाऱ्या आहेत, त्यावर चार ग्रेड. आपण लिहितो ते वेल, मॉडरेट आणि पूअर (पेशी चांगल्या, मध्यम किंवा कमी पक्व) हे तीन शब्द त्याचेच वंशज. अडचण अशी की तोंडातल्या बहुसंख्य गाठी वेल किंवा मॉडरेटमध्येच बसतात. एकाच ग्रेडच्या दोन रुग्णांत एकाच्या मानेत ग्रंथी कर्करोगाने भरलेल्या असतात, दुसऱ्याच्या नसतात. नुसत्या ग्रेडवर सर्जनला निर्णय घेता येत नाही.

अ‍ॅनेरॉथ आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली सहा निकष केले. तीन पेशींचे : केराटिन, केंद्रकांतली विविधता, मायटोसिस. तीन गाठ आणि शरीर यांच्या सीमेवरचे : घुसण्याचा नमुना, घुसण्याचा टप्पा, लिम्फोसाइट-प्लाझ्मा या संरक्षक पेशींचा जमाव. प्रत्येकाला १ ते ४ गुण. ब्रायन यांच्या गटाने पुढे सांगितलं की हे गुण सगळ्या गाठीवर देऊ नका, फक्त खोल कडेवर द्या. १९९२च्या त्यांच्या मांडणीत केराटिन, केंद्रकं, घुसण्याचा नमुना आणि लिम्फोसाइट हे चारच निकष राहिले, म्हणजे बेरीज ४ ते १६. मायटोसिसचा काउंट गळला. वाढ मोजणं ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांनी यावर थांबून विचार करावा. वाढ बिनमहत्त्वाची म्हणून काउंट गेला असं आम्हाला वाटत नाही. साध्या स्लाइडवर, मोजक्या फील्ड्समध्ये तो विश्वासाने मोजता येत नाही, ही खरी अडचण.

प्रत्यक्षात आम्ही आधी चारच्या ऑब्जेक्टिव्हवर (चारपट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) पूर्ण सेक्शन फिरतो आणि खोल कड पेनाने स्लाइडवर आखून घेतो. मग दहावर घुसण्याचा नमुना. गाठ सलग, गुळगुळीत कडेने ढकलत असेल तर १ गुण. जाड पट्टे, दोर असतील तर २. पंधराहून जास्त पेशींचे छोटे गट सुटले असतील तर ३. त्याहून लहान गट किंवा सुट्या पेशी विखुरल्या असतील तर ४. केराटिनसाठी निम्म्याहून जास्त पेशी केराटिन करत असतील तर १, २० ते ५० टक्के असतील तर २, ५ ते २० असतील तर ३, त्याखाली ४. केंद्रकांसाठीही असंच, तीन-चतुर्थांशाहून जास्त पक्व पेशी म्हणजे १ आणि पावाहून कमी म्हणजे ४. लिम्फोसाइटचा जमाव भरपूर असेल तर १, अजिबात नसेल तर ४. गुण सरासरीवर द्यायचे नाहीत, त्या कडेवरच्या सगळ्यात वाईट भागावर द्यायचे. वरच्या भागात सुरेख केराटिन पर्ल्स आणि खाली स्नायूत तीन-तीन पेशींचे गट, अशी गाठ आमच्याकडे नवलाईची नाही. छोट्या बायोप्सीवर ती ‘वेल’ म्हणून जाते आणि ऑपरेशननंतर ग्रेड बदलते. म्हणून बायोप्सीच्या अहवालात ग्रेड लिहिताना ‘उपलब्ध तुकड्यावर’ हे शब्द घालतो.

२००५ साली ब्रँडवाइन-गेन्सलर आणि सहकाऱ्यांनी ‘वर्स्ट पॅटर्न ऑफ इन्व्हेजन’चा पाचवा प्रकार ठळक केला : मुख्य गाठीपासून किंवा जवळच्या बेटापासून एक मिलिमीटर किंवा जास्त दूर सुटलेलं बेट. हे बघायला महागडं काही लागत नाही. आयपीसमधली पट्टी आणि धीर पुरतो. मात्र सबम्यूकस फायब्रोसिसने (त्वचेखाली तंतू साठून) कडक झालेल्या गालात दाट कोलॅजेनमुळे बेटं एकमेकांपासून ओढल्यासारखी दिसतात, तेव्हा त्याच बेटाचा तिरका छेद तर नाही ना, हे शेजारच्या लेव्हलवर (त्याच ब्लॉकच्या पुढच्या छेदावर) तपासायचं.

मायटोसिस मोजताना मायक्रोस्कोपचा फील्ड नंबर (आयपीसमधून दिसणाऱ्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास) विचारात घ्यायलाच हवा. फील्ड नंबर १८ असेल तर चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हखाली वर्तुळाचा व्यास ०.४५ मिलिमीटर आणि क्षेत्र सुमारे ०.१६ चौरस मिलिमीटर. २२ असेल तर व्यास ०.५५ आणि क्षेत्र सुमारे ०.२४. म्हणजे शेजारी बसलेल्या दोघांनी ‘दहा हाय पॉवर फील्ड’ मोजली तरी एकाने दुसऱ्याच्या दीडपट जागा बघितलेली असते. काउंट चौरस मिलिमीटरवर द्यावा. केंद्रकाची कड दिसत असेल, पेशीद्रव गडद गुलाबी आणि आक्रसलेलं असेल, तर ती मरणारी पेशी, मायटोसिस नव्हे. संशय असेल तर मोजायची नाही. एक टक्का क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेल्या जोडीच्या स्लाइडवर मायटोसिस उठून दिसतात. कमी खर्चात हा चांगला आधार आहे.

केआय-६७ची स्लाइड

केआय-६७ हे केंद्रकातलं प्रथिन. विश्रांतीतल्या, म्हणजे जी-शून्य अवस्थेतल्या पेशीत ते नसतं आणि विभाजनाच्या चक्रात शिरलेल्या पेशीत असतं. विभाजन जवळ येईल तसं वाढत जातं. १९८३ साली जर्मनीतल्या कील विद्यापीठात गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी ते ओळखून चिकटणारी पहिली अँटिबॉडी केली, पण ती फक्त गोठवलेल्या ऊतीवर चाले. पॅराफिन ब्लॉकवर काम करणारी एमआयबी-१ ही क्लोन (अँटिबॉडीचा वाण) १९९२मध्ये आली आणि जुने ब्लॉक उघडता आले. मायटोसिस हा चक्राचा अगदी छोटा टप्पा, केआय-६७मध्ये जवळजवळ सगळं चक्र पकडलं जातं, म्हणून मोजणी स्थिर होते. पीसीएनए हा जुना मार्कर त्याच कामाला वापरत. पण ते प्रथिन डीएनए दुरुस्तीतही लागतं आणि विभाजन संपल्यावरही बराच वेळ टिकतं, त्यामुळे आकडा फुगतो. आम्ही नव्या कामात पीसीएनए घेत नाही.

सेक्शन तीन ते चार मायक्रॉनचा. केराटिन जास्त असेल तर ब्लॉक चिरफळतो. बर्फाच्या पाण्यात काही मिनिटं ठेवून, नव्या ब्लेडने, चाक सावकाश फिरवत कापायचा. स्लाइड अ‍ॅमिनोसिलेन किंवा पॉली-एल-लायसिनचा लेप दिलेलीच हवी. साध्या किंवा अल्ब्युमिनच्या स्लाइडवरून सेक्शन उकळत्या बफरमध्ये सुटतो, आणि सुटतो तो नेमका केराटिन पर्लपासून. ६० अंशांवर तासभर भाजायचं. कापून ठेवलेल्या स्लाइड महिनोन्‌महिने पडू देऊ नयेत, अँटिजेन मंदावतो. मार्करची विनंती आली की ताजा सेक्शन कापावा.

मेण काढून, अल्कोहोलमधून पाण्यात आणल्यावर अँटिजेन रिट्रीव्हल, म्हणजे फॉर्मलिनने झाकलेला अँटिजेन उष्णतेने पुन्हा उघडा करणं. ट्रिस-इडीटीए, पीएच ९ : लिटरला ट्रिस १.२१ ग्रॅम, इडीटीए ०.३७ ग्रॅम, ट्वीन-२० अर्धा मिली. सिट्रेटचा बफर, पीएच ६, हाही चालतो : लिटरला ट्रायसोडियम सिट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम. पाण्याच्या बाथमध्ये ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, किंवा प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर ३ मिनिटं. कोणतीही एक पद्धत धरा आणि बदलू नका. नंतर त्याच बफरमध्ये २० मिनिटं निवू द्यायचं. गरम स्लाइड थेट नळाखाली धरली की सेक्शन गेलाच. पीएच मीटर आठवड्याला कॅलिब्रेट करा. रंग फिका पडल्याच्या तक्रारीत अँटिबॉडीआधी बफर तपासावा, दोष बहुतेकदा तिथेच असतो.

मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, ट्रिस-सलाइनने धुणं आणि एमआयबी-१ अर्धा ते एक तास. कॉन्सन्ट्रेट घेतलं असेल तर साधारण १:१००पासून सुरुवात करून प्रत्येक नव्या लॉटला टॉन्सिलवर डायल्युशन पुन्हा ठरवायचं. एचआरपी पॉलिमर (रंग घडवणारं एन्झाइम) ३० मिनिटं, डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन) ५ मिनिटं आणि निळा रंग देणारं हिमॅटॉक्सिलिन हलकं, अर्धा मिनिट. गडद हिमॅटॉक्सिलिन फिक्या तपकिरी केंद्रकांना झाकून टाकतं आणि आकडा खाली येतो. संपूर्ण वेळ स्लाइड ओलसर डब्यात. एप्रिल-मेमध्ये विदर्भात किंवा मराठवाड्यात पंख्याखाली स्लाइड दहा मिनिटांत कडेने सुकते, आणि सुकलेली कड सरसकट तपकिरी होते. डीएबी नाल्यात ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत साठवायचं.

प्रत्येक बॅचला टॉन्सिलचा कंट्रोल (रंग बरोबर उठला का हे ताडायची स्लाइड). त्यात जर्मिनल सेंटरचा (लिम्फोसाइट झपाट्याने वाढतात त्या गोळ्याचा) गडद भाग जवळजवळ पूर्ण तपकिरी आणि वरच्या स्क्वॅमस एपिथेलियमचे पृष्ठभागाजवळचे थर निळे असले पाहिजेत. शेजारची निरोगी त्वचा ब्लॉकमध्ये असेल तर ती स्लाइडवरच कंट्रोल होते : तळाच्या थराच्या लगेच वरची पेशींची ओळ तपकिरी, तळाच्या थरात मोजक्याच, वर काही नाही. ही ओळच उठली नसेल तर गाठीतला आकडा कितीही सुबक वाटो, लिहायचा नाही. पहिली अँटिबॉडी न लावलेली एक स्लाइडही जोडीला हवी.

आपल्या रुग्णांत एक खास अडथळा म्हणजे मेलॅनिन. तोंडाच्या त्वचेत तळाच्या थरात ते नैसर्गिकच असतं, तंबाखू खाणाऱ्यांत अधिक. डीएबीसारखंच तपकिरी. फरक असा की मेलॅनिन पेशीद्रवात, कणाकणांनी असतं, केआय-६७ केंद्रकात. चाळीसवर फोकस वर-खाली करून बघितलं की कळतं. अँटिबॉडी न लावलेल्या स्लाइडवर तेच कण दिसले तर शंका मिटते. फार दाट असेल तर एईसी हा लाल क्रोमोजेन वापरायचा. तो अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून डीपीएक्स या नेहमीच्या चिकटद्रव्याऐवजी पाण्यात चालणारं माउंटिंग लागतं आणि स्लाइड वर्षानुवर्षं टिकत नाही, फोटो काढून ठेवावे लागतात.

मोजणी

स्लाइड चारवर पूर्ण फिरून तपकिरी दाटी कुठे आहे ते बघायचं. ‘वेल’ ग्रेडच्या गाठीत बेटाच्या परिघावर एक-दोन रांगा तपकिरी असतात आणि मध्य निळा. पूअर ग्रेडमध्ये तपकिरी सगळीकडे विखुरलेलं. एचअँडईवर आखलेला फ्रंट या स्लाइडवर जुळवून घ्यायचा आणि तिथली किमान पाच फील्ड्स, चाळीसवर, मिळून १००० गाठीच्या पेशी मोजायच्या. हजारच का? खरं प्रमाण ३० टक्के असेल आणि २०० पेशी मोजल्या, तर नुसत्या योगायोगाने उत्तर २४ ते ३६च्या मध्ये कुठेही येऊ शकतं. हजार मोजल्या तर २७ ते ३३. ‘डोळ्यांनी अंदाजे ३०’ आणि ‘अंदाजे ४०’ यांत फरक आहे असं मग म्हणता येत नाही.

रंग फिका असो की गडद, केंद्रकात तपकिरी असेल तर ती पेशी धन. मायटोसिसमधली पेशीही धन. पेशीद्रवातला रंग धरायचा नाही. केराटिनचा आपोआप आलेला तपकिरीपणा, मेलेला भाग आणि सेक्शनची दुमडलेली घडी सोडून द्यायची. सगळ्यात मोठा धोका लिम्फोसाइटचा. गालाच्या गाठीभोवती त्यांची गर्दी असते, त्याही वाढत असतात आणि केआय-६७ने तपकिरी होतात. फ्रंटवर, जिथे गाठीच्या पेशी चार-पाचच्या गटाने आहेत, तिथे त्या बेमालूम मिसळतात. क्यूपाथसारखं मोफत सॉफ्टवेअर हजार पेशी क्षणात मोजतं, पण गाठीच्या पेशी आणि लिम्फोसाइट वेगळ्या करायला त्याला नीट शिकवलं नाही तर ते दोन्ही मोजतं. शंका असेल तिथे आम्ही एई-१/एई-३ या सायटोकेराटिनचा लाल रंग त्याच स्लाइडवर दुहेरी लावतो. लाल पेशीद्रवातलं तपकिरी केंद्रक तेवढं गाठीचं.

आकडा आला. पुढे काय म्हणायचं? स्तनाच्या कर्करोगात केआय-६७ वाचण्याबाबत आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशी आहेत. तोंडाच्या स्क्वॅमस कार्सिनोमासाठी सर्वमान्य अशी एकही रेषा नाही आणि नियमित अहवालात हा मार्कर बंधनकारकही नाही. इतरत्र वाचलेली १४ किंवा २० टक्क्यांची रेषा इथे आणून ‘हाय’ आणि ‘लो’ लिहू नये, हा आमचा ठाम आग्रह. घशातल्या पी-१६ धन (एचपीव्ही विषाणूशी जोडलेल्या) कर्करोगात तर पेशी झपाट्याने वाढताना दिसतात, तरी रुग्ण उपचारांना चांगला प्रतिसाद देतात, आणि त्या गाठींना ग्रेडही देत नाहीत. म्हणून जिभेच्या मुळाचा नमुना ‘तोंडाचा’ म्हणून आला असेल तर जागा आधी पक्की करायची. आकडा ग्रेडच्या शेजारी ठेवायचा. दोन्ही एकाच दिशेला असतील तर ठीक. ग्रेड ‘वेल’ आणि फ्रंटवर केआय-६७ मोठा, असं आलं तर पुन्हा एचअँडईवर जायचं, आणखी दोन लेव्हल्स कापायच्या. बऱ्याचदा सुटे गट किंवा नसेभोवतीची घुसखोरी तिथे सापडते.

ल्युकोप्लेकियाच्या (तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याच्या) तुकड्यात मात्र हा मार्कर रोजच्या कामाचा आहे. डिस्प्लेजिया (कर्करोगाआधीचा पेशींचा बिघाड) सौम्य की मध्यम यावर दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. केआय-६७ तळाजवळच थांबलाय की एपिथेलियमच्या मधल्या-वरच्या तिसऱ्या भागापर्यंत चढलाय, हे बघून निर्णयाला आधार मिळतो. सूज आणि व्रण असतील तर तो आपोआपही वर चढतो, तेव्हा अल्सरशेजारचा पट्टा वगळायचा.

जिथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने रंगवणं) नाही

दंत महाविद्यालयांच्या अनेक विभागांत अँटिबॉडीचं बजेट नसतं. त्यांच्यासाठी चांदीची पद्धत, एजीएनओआर, अजूनही प्रामाणिक काम करते. १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांवरच्या न्यूक्लिओलर ऑर्गनायझर भागांभोवतीची प्रथिनं चांदी पकडतात आणि केंद्रकात काळे ठिपके दिसतात. वाढ वेगवान तितके ठिपके जास्त, लहान आणि विखुरलेले. प्लोटॉन यांची १९८६ची एका पायरीची पद्धत : २ टक्के जिलेटिन १ टक्का फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचं, त्याचा एक भाग आणि ५० टक्के सिल्व्हर नायट्रेटचे दोन भाग, वापरण्याच्या क्षणीच मिसळायचे. अंधारात, खोलीच्या तापमानाला ३० ते ४५ मिनिटं. मग डीआयोनाइज्ड पाण्याने भरपूर धुणं आणि ५ टक्के सोडियम थायोसल्फेट ५ मिनिटं.

बिघडतं ते ठरावीक कारणांनी. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड चांदीशी मिळून पांढुरका साका धरतं. काचेची भांडी आधी सौम्य अ‍ॅसिडने धुतलेली हवीत आणि धातूचा चिमटा द्रावणात बुडवायचा नाही. मुंबईत आणि चंद्रपुरात खोलीचं तापमान एक नसतं, उन्हाळ्यात वेळ कमी करावी लागते. दहा मिनिटं जास्त झाली की ठिपके एकमेकांत मिसळून केंद्रक एकच काळा डाग होतं. म्हणून ठरावीक वेळेला मायक्रोस्कोपखाली बघून थांबवायचं आणि बॅचमधल्या सगळ्या स्लाइडना तीच वेळ. मोजणी शंभरच्या ऑइल ऑब्जेक्टिव्हवर, १०० केंद्रकांत, फ्रंटवरच, आणि प्रति केंद्रक सरासरी. दोघांनी स्वतंत्र मोजावं.

अहवाल

ग्रेड आणि मार्करच्या मागे एक माणूस उपचारांची वाट बघत असतो, आणि अहवालातल्या प्रत्येक ओळीवर त्याच्या मानेचं ऑपरेशन, रेडिएशन यांचे निर्णय उभे राहतात. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर ३ वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. गाठ परत दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. त्यामुळे आज सर्जन आधी खोली बघतो. आम्हीही अहवालात पहिला क्रम खोलीला देतो. मग घुसण्याचा नमुना, नसेभोवतीची आणि रक्तवाहिन्यांतली घुसखोरी, कडांचं अंतर मिलिमीटरमध्ये, ग्रेड, आणि शेवटी मार्कर.

मार्करची ओळ अशी लिहितो : ‘केआय-६७, क्लोन एमआयबी-१, इन्व्हेजिव्ह फ्रंटवर मोजलेल्या १००० गाठीच्या पेशींत ३८ टक्के. टॉन्सिल आणि शेजारच्या त्वचेचा कंट्रोल योग्य. निर्णायक मर्यादा निश्चित नाही, ग्रेड आणि खोलीसोबत वाचावं.’ क्लोन, जागा आणि पेशींची संख्या यांतलं काही गाळलं तर पुढच्या प्रयोगशाळेला तो आकडा ताडता येत नाही. केमोथेरपी किंवा रेडिएशन आधी झालं असेल तर ग्रेड देत नाही आणि केआय-६७ही मूळ गाठीशी तुलना न करता नोंदवतो. त्यासाठी मागणीच्या कागदावर उपचारांची माहिती हवी, जी फार वेळा कोरी येते. फोन करून विचारतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय अहवाल सोडत नाही.

ज्या ब्लॉकवर मोजलं त्याचा क्रमांक अहवालात घालतो आणि ब्लॉकच्या कापलेल्या बाजूवर पातळ मेण ओतून तो कोरड्या, थंड जागी ठेवतो. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला आणि स्लाइड मागवल्या गेल्या, तर हाच ब्लॉक पाठवायचा, निरोगी कडेचा नव्हे.